दे आणि लाभो

पप्पांचं कपाट आवरायला एक दुपार पुरली. त्याला हात लावायचा धीर व्हायला मात्र तीन महिने गेले. अडतीस वर्षं पाळक म्हणून सेवा केलेल्या माणसाच्या कपाटात निघणार तरी काय? दोन पांढरे झगे, त्यांतल्या एकाची कॉलर पिवळी पडलेली. लग्नांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदींच्या डायऱ्या. उपदेशांच्या टिपणांचे गठ्ठे. त्यांना लावलेले रबर बँड इतके जुने की बोट लागताच तुटून कागदाला चिकटत होते. आणि चार बायबलं. त्यांतलं सगळ्यांत झिजलेलं घेऊन मी पलंगावर बसले आणि उगाच चाळत राहिले. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवटचा, सोळावा अध्याय आला. आठव्या वचनाखाली पेन्सिलीची आडवी रेघ होती, पट्टी लावून ओढलेली. समासात त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात तीन शब्द: ‘इथून पुढं जपून’.

ती रेघ कशाची, हे मला माहीत होतं. आज हाताशी असलेल्या ग्रीक हस्तलिखितांत जी सर्वांत जुनी आणि भरवशाची, व्हॅटिकनस आणि सायनायटिकस ही चौथ्या शतकातली, त्यांत मार्काचं शुभवर्तमान आठव्या वचनाशी संपतं. बाया पहाटे कबरेपाशी येतात, धोंड लोटलेली असते, आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला असतो. तो सांगतो, येशू इथं नाही, उठला आहे. बाया थरथर कापत पळत सुटतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. संपलं. पुढची बारा वचनं नंतर कुणीतरी जोडली, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. आणि नेमक्या या बारा वचनांतच ते सगळं आहे ज्यावर आमच्या अर्ध्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, विश्वास उभा होता. विश्वास ठेवणारे भुतं काढतील, नव्या भाषा बोलतील, साप उचलतील, विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही, आणि दुखणाइतांवर त्यांनी हात ठेवले की दुखणाईत बरे होतील.

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, हे सुरुवातीच्या वर्षांतच शिकवतात. पप्पांनी बी. डी., म्हणजे तिथली पदवी, घेतली ती १९७६ साली. म्हणजे त्यांना हे चाळीस वर्षं ठाऊक होतं. पुलपिटावरून एकदाही त्यांनी ते सांगितलं नाही. मला सांगितलं, मी कॉलेजात असताना, स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून. वर म्हणाले, “मंडळीत बोलू नकोस गं.” घराण्यातल्या जुन्या भानगडीबद्दल बोलावं तसं.

आम्ही सी. एन. आय.चे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन हे चर्च झालं, तेव्हा आमची नगरकडची मंडळी त्यात आली. त्याआधी आम्ही अमेरिकन मराठी मिशनचे. त्या मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, तिथपासूनची ही गोष्ट. सभासंमेलनांत आमच्यासारख्या जुन्या, प्रस्थापित चर्चवाल्यांना ‘मेनलाईन’ म्हणतात. पप्पा त्यावर हसायचे. म्हणायचे, आपल्याला कसली मेन लाईन, नगर तर दौंड-मनमाडच्या मधल्या फाट्यावर.

पाळकाच्या घरात वाढलं की प्रार्थना कानावर इतक्या पडतात की पुढं पुढं त्यांचा अर्थ ऐकू येईनासा होतो, नुसतं व्याकरण ऐकू येतं. मला आठवीत हा शोध लागला. आमच्या घरी येणारी माणसं प्रार्थना करायची तेव्हा क्रियापदं अशी असायची: दे, कर, उठव, काढून टाक, ऐक, लवकर ये. पप्पा प्रार्थना करायचे तेव्हा: लाभो, मिळो, होवो, राहो, असो. शाळेच्या व्याकरणात दोन्ही आज्ञार्थच. एक द्वितीय पुरुषी, एक तृतीय पुरुषी, एवढाच फरक. पण ‘दे’ म्हणायला समोर कुणीतरी लागतं. ‘लाभो’ म्हणायला समोर कुणी नसलं तरी चालून जातं.

मी हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तोंडातच राहिला. मग म्हणाले, “प्रभूच्या प्रार्थनेत दोन्ही आहेत. म्हणून बघ.” मी म्हणून बघितली. तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो. इथपर्यंत पप्पांचं व्याकरण. आणि मग एकदम: आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. भाकरीपाशी आल्यावर येशूसुद्धा मंडळीच्या भाषेत बोलतो. पप्पांना हे मिश्कीलपणे सांगायचं होतं की कबूल करायचं होतं, मला तेव्हा कळलं नाही. नंतरही नीटसं कळलेलं नाही.

ही ‘दे’वाली मंडळी म्हणजे कोण, हे सिस्टरमावशींशिवाय सांगता यायचं नाही. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सिस्टर. बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. इंजेक्शन असं द्यायच्या की मूल रडायचं विसरायचं. कुणाचं बीपी किती, कुणाची शुगर किती, अख्ख्या मंडळीचा हिशेब त्यांच्या डोक्यात. आणि याच बाईच्या पर्समध्ये पॅराशूटची छोटी निळी बाटली असायची. त्यातल्या खोबरेल तेलावर त्यांनी तीन दिवस उपास करून प्रार्थना केलेली असायची. दुखणाइताच्या कपाळाला त्या तेलाचं बोट लावायच्या, डोक्यावर हात ठेवायच्या आणि देवाशी बोलायला लागायच्या. बोलायच्या म्हणजे कशा, तर डॉक्टर राऊंडला उशिरा आल्यावर वॉर्डातली अनुभवी सिस्टर ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात. आदर पूर्ण, पण ऐकून घेणार नाही.

मी एकदा विचारलं, “मावशी, तुम्ही नर्स आहात, तुम्हांला माहितीये अँटिबायोटिकनं काय होतं ते.” त्या म्हणाल्या, “माहितीये म्हणूनच. अँटिबायोटिक दिलेले पण मरताना बघितलेत मी.”

पप्पांची अडचण अशी की हे तेल त्यांच्याच पुस्तकात आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय: कोणी दुखणाईत असेल तर त्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं त्याला तेल लावून प्रार्थना करावी. त्याच्यावर काही पेन्सिलीची रेघ ओढता येत नव्हती. तरी पप्पांनी तेल कधी हातात घेतलं नाही. कुणी फारच आग्रह केला तर नुसता हात ठेवायचे, आणि प्रार्थना करायचे की या बंधूस धीर लाभो, डॉक्टरांच्या हातांस कौशल्य लाभो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. घरचे लोक डोळे मिटून वाट बघत असायचे की आता ‘बरं कर’ येईल. ते यायचं नाही. आमेन यायचं.

हा संकोच पप्पांच्या स्वभावातला नव्हता, तो वारशानं आलेला होता. मिशननं आमच्या पणज्यांना दोन मोठ्या गोष्टी दिल्या, शाळा आणि दवाखाना. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेसचं इस्पितळ १८९४ साली उभं राहिलं, तसे लहानमोठे दवाखाने गावोगावी निघाले. देवऋषी, अंगारा, लिंबू उतरवणं, हे सगळं सोडून या, आजार झाला तर ही गोळी घ्या, आणि रविवारी उपासनेला बसा. देवाचं काम एका इमारतीत, दुखण्याचं दुसऱ्या. ही वाटणी मिशनऱ्यांना इतकी सरळ वाटली की बायबलमध्ये ती कुठंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. शिकलेल्या पाळकांनी ती उचलली. मंडळीनं गोळी घेतली, शाळा घेतली, उपासनाही घेतली. पण दुखण्याच्या वेळी देवानं स्वतः यायला हवं, ही अपेक्षा काही सोडली नाही.

एकदाच पप्पांनी धाडस केलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट असेल. बायबलातल्या योनाच्या, म्हणजे माशाच्या पोटात तीन दिवस काढलेल्या संदेष्ट्याच्या, पुस्तकावर उपदेश होता. पप्पा म्हणाले, ही इतिहासाची बखर नाही, बोधकथा आहे, आणि मासा खरा होता की नाही या वादात पडलो तर शेवटी देव योनाला जो प्रश्न विचारतो तोच आपल्या हातून निसटेल. मला तो उपदेश आवडला होता. उपासना संपल्यावर आवारातल्या चिंचेखाली नेहमीसारखा घोळका जमला, आणि त्यातून एक निवृत्त हेडमास्तर पुढं आले. धोतर, कोट, हातात छत्री. म्हणाले, “सलाम पाळकसाहेब. मासा खरा नसेल तर प्रभूच्या तीन दिवसांचं काय करायचं?”

हा प्रश्न अडाणी माणसाचा नाही, हे लक्षात घ्या. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र पृथ्वीच्या पोटात राहील. हेडमास्तरांनी दोन टोकं बरोब्बर जोडली होती. पप्पांकडे उत्तर होतं, मला खात्री आहे. पण ते द्यायला दोन तास लागले असते, आणि चिंचेखाली लोकांना जेवायची घाई होती. पप्पा म्हणाले, “मास्तर, घरी या, बोलू.” मास्तर आले नाहीत. कमिटीत विषय निघाला, कुणीतरी बिशपांना पत्र लिहू म्हणालं, लिहिलं नाही. बस, एवढंच झालं. पण त्यानंतर पप्पांच्या उपदेशांतून अशी वाक्यं नाहीशी झाली. प्रेम करा, क्षमा करा, शेजाऱ्याला मदत करा. कुणाचं दुमत होणार नाही असे उपदेश. मंडळी पेंगायची, आणि त्याबद्दल मात्र कुणाचीही तक्रार नसायची.

आता या वयात मला पप्पांचा थोडा राग येतो. मंडळीला झेपणार नाही म्हणून आपण गप्प बसतो, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. पण मास्तरांना झेपलंच होतं की. त्यांनी तर सेमिनरीतल्या तोंडी परीक्षेला शोभेल असा प्रश्न विचारला होता. त्यांना घरी बोलवायच्या ऐवजी पप्पा त्यांच्या घरी गेले असते तर?

हे दुखणं नगरपुरतं नाही. १९६३ साली इंग्लंडात वुलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी एका लहानशा पुस्तकात लिहिलं की ‘वर’ किंवा ‘पलीकडे’ कुठंतरी बसलेला देव ही कल्पना आता सोडायला हवी. पाळकांना त्यात नवीन फारसं काही नव्हतं, ते हेच शिकून आले होते. हादरले ते बाकांवर बसणारे. आपले बिशप असं काही मानतात, हेच त्यांना पहिल्यांदा कळलं. त्याच दशकात अमेरिकेत जेफ्री हॅडन या समाजशास्त्रज्ञानं सहा प्रॉटेस्टंट पंथांच्या हजारो पाळकांना प्रश्नावल्या धाडल्या. कुमारीच्या पोटी जन्म, देहासकट पुनरुत्थान अशा गोष्टींवर कितीतरी पाळकांचा शब्दशः विश्वास नाही, आणि पंथापंथांत याचं प्रमाण फार वेगवेगळं आहे, असं त्यातून दिसलं. शिवाय पाळक नागरी हक्कांच्या मोर्च्यात आणि मंडळी त्यावरून संतापलेली, अशी दुसरी फटही त्याला दिसली.

ही दुसरी फट आमच्याकडेही होती, फक्त तिचा रंग वेगळा. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ या मराठी प्राध्यापकानं एका व्याख्यानात म्हटलं की भारतातलं ख्रिस्ती ईश्वरज्ञान आजवर ब्राह्मणी वळणानं चाललं, आता ते शूद्रांच्या, दलितांच्या अनुभवातून मांडायला हवं. त्यातून दलित थिऑलॉजी उभी राहिली. पप्पा एका पाळक परिषदेत हे ऐकून आले आणि भारावून गेले. आल्या आल्या त्या रविवारी उपदेश केला: येशू आपल्यातला, गावकुसाबाहेर जन्मलेला, गावकुसाबाहेरच मारला गेलेला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींतून ख्रिस्ती वगळले गेले, तो अन्यायही सांगितला.

बाकांवर अशी शांतता पसरली की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. घरी आल्यावर आजी, म्हणजे पप्पांची स्वतःची आई, म्हणाली, “जे नाव टाकायला माझ्या सासऱ्यानं गाव सोडलं, ते तू पुलपिटावर उभा राहून परत दिलंस व्हय?” आणि खरी गोम याहून अवघड होती. मंडळीत कितीतरी घरांत मुलांच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लागलेलं, पुढं जुनी जात, आणि घरात हाक मारायची नावं बायबलातली. त्या शांततेत शरम होती, भीती होती, आणि साहेब हे मोठ्यानं कशाला बोलतात हा वैतागही होता. पप्पांचा देव न्यायनिवाडा करणारा होता. आजीचा देव तिला त्या वाड्यावस्तीतून हात धरून बाहेर काढणारा होता, आणि बाहेर आल्यावर मागं वळून बघू नकोस म्हणणारा. दोन्ही देव बायबलातच सापडतात.

मंडळीही काही साळसूद नव्हती. पाळक जसे त्यांच्यापासून लपवायचे, तसे तेही पाळकांपासून लपवायचे. सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची यात्रा भरली की आमची निम्मी मंडळी श्रीरामपूरला ‘पाहुण्यांकडे’ जायची. आम्ही प्रॉटेस्टंट, मरियेला नवस बोलणं आमच्या शिकवणुकीत बसत नाही. पण लेकीला मूल होत नसेल तर शिकवण घेऊन काय चाटायचीय? सोमवारी परत आलेल्या बायांच्या घरी मेणबत्तीचा वास आणि टेबलावर यात्रेतले पेढे. पप्पा घरभेटीला गेले की पेढा खायचे आणि कुठला म्हणून विचारायचे नाहीत.

आणि शुक्रवार. शहराच्या पलीकडल्या अंगाला पत्र्याचं छत असलेला एक प्रार्थना हॉल होता. पाळक सेमिनरीत न गेलेला, पूर्वी टेम्पो चालवणारा. तिथं शुक्रवारी उपास-प्रार्थना. कीबोर्ड, टाळ्या, अन्य भाषा म्हणजे न शिकलेल्या भाषांत बोलणं, साक्षी. कुणाचा मणका बरा झाला, कुणाचा नवरा दारू सोडून उभा राहिला. आमच्या मंडळीतल्या बाया तिथं जायच्या आणि रविवारी परत आमच्याकडे, ठेवणीतली साडी नेसून. लग्न, बाप्तिस्मा, पुरायची जागा आमच्याकडे. रडायची जागा तिथं.

माझी मम्मीही जायची. पाळकीणबाई! हे मला कळलं ते मी तिशीत असताना, आणि पप्पांना कधी कळलं हे मला आजही माहीत नाही. मम्मी म्हणते, पहिल्या शुक्रवारपासून ठाऊक होतं, कारण रिक्षाला पैसे तेच द्यायचे. कुठं जातेस, एवढं एका शब्दानं विचारलं नाही. टिळक पतिपत्नींची आठवण होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई त्यांच्या वाटेवर यायला पाच वर्षं लागली. आमच्या घरी दोघं एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर, आणि तरी पस्तीस वर्षांत एकमेकांच्या वाटेला गेलेच नाहीत.

मी मम्मीला विचारलं, “तिथं काय मिळायचं?” ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तुझे पप्पा माझ्यासाठी प्रार्थना करायचे तेव्हा मला वाटायचं, मी चर्चमध्ये बसलीये. तिथं वाटायचं, माझं कुणीतरी ऐकतंय.”

यावर सुशिक्षित ख्रिस्ती माणूस पटकन म्हणतो की हे टाळ्याबिळ्या अमेरिकेतून आलं, टीव्हीवरून आलं. मीही म्हणायचे. मग केडगावला गेले. नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या अलीकडचं, पुण्याहून जाताना खऱ्याखुऱ्या मेन लाईनवर लागणारं. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात जून १९०५ मध्ये मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या, रडायला लागल्या, अंगात आग पेटल्यासारखं वाटतंय म्हणायला लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जी सभा जगभरच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे असल्याच अन्य भाषा बोलणाऱ्या, हात ठेवून बरं करणाऱ्या मंडळींच्या, चळवळीचा उगम म्हणून सांगितली जाते, ती याच्या पुढच्या वर्षीची. इतकंच काय, मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्सनं या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका थेट चिलीतल्या व्हॅल्परायझोच्या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचली आणि १९०९ साली तिथंही हेच सुरू झालं. म्हणजे माल इथूनच बाहेर गेलेला. आम्ही तो परत आल्यावर परदेशी म्हणतो.

आणि या सगळ्याच्या मधोमध बसलेली बाई कोण? कोलकात्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटलं ती. हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलचं मराठीत भाषांतर करणारी. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या अँग्लिकन मंडळींनी तिला आसरा दिला, त्यांच्याशी तिनं त्रैक्यापासून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीपासून, क्रुसापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घातला. त्यांच्यातल्याच सिस्टर जेराल्डिनना तिनं लिहिलं होतं, की मोठ्या कष्टानं भारतातल्या पुरोहितांचं जोखड उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. पप्पांच्या हिशेबात ग्रीक येणारा माणूस रडत प्रार्थना करत नाही, आणि रडत प्रार्थना करणाऱ्याला ग्रीक येत नाही. रमाबाईंना दोन्ही येत होतं. सकाळी शब्दकोश आणि संध्याकाळी मुलींबरोबर जमिनीवर गुडघे. मी पप्पांना केडगावहून फोन केला. म्हटलं, तुमचा हिशेब चुकलाय. ते म्हणाले, “रमाबाई एकच झाली गं.” पळवाटच ती, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

शेवटच्या आजारपणात पप्पा पुण्यात माझ्याकडे होते. आधी घरी, मग दवाखान्यात. यकृत. डॉक्टर फारसं लपवत नव्हते. तिथल्या मंडळीचा तरुण पाळक भेटायला आला. चांगला मुलगा, नुकताच दीक्षित झालेला, खांद्याला सॅक. पप्पांशी दहा मिनिटं क्रिकेटवर बोलला, ते मला फार आवडलं. मग उभा राहून प्रार्थना केली. पप्पांना शांती लाभो, आम्हां कुटुंबीयांना धैर्य मिळो, डॉक्टरांच्या हातांना यश येवो, प्रभू तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मराठी सुरेख. आमेन.

तो गेल्यावर पप्पा बराच वेळ सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. मग म्हणाले, “माझ्याच वहीतली वाटली.”

मी काही बोलले नाही.

“सिस्टरला फोन लाव.”

मला वाटलं वॉर्डातली. मी बेल दाबायला उठले तर मान हलवली. “नगरच्या.”

सिस्टरमावशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. आल्या आल्या आधी पप्पांची फाईल वाचली, एक इंजेक्शन कधी दिलं ते वॉर्डातल्या पोरीला विचारलं, उशीखाली हात घालून चादर ताठ केली. मग पर्समधून निळी बाटली काढली. मम्मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पप्पांनी डोळे मिटले. मावशींनी तेलाचं बोट कपाळावर ठेवलं.

“प्रभू, यांना उठव. अडतीस वर्षं तुझं काम केलंय. पगार किती होता तुला माहितीये. कधी स्वतःसाठी तोंड उघडून मागितलं नाही, तेवढी यांची चूक आहे, ती पोटात घाल. आज मागतायत. आज उठव. लेकीच्या घरी अजून पाच वर्षं तरी राहू दे. ऐकतोयस ना?”

पगाराच्या उल्लेखाला पप्पांच्या ओठांचा कोपरा हलला. आमेन ते मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी मान वळवून पाहिलं.

नवव्या दिवशी ते गेले.

नगरला मातीच्या दिवशी मावशी आल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. वाटत होतं, आता या काय म्हणतील, विश्वास कमी पडला म्हणतील की देवाची इच्छा म्हणतील. त्यांनी माझा हात धरला, थंडगार होता त्यांचा हात, आणि म्हणाल्या, “मी मागितलं होतं गं. नाही म्हणाला.” आणि रुमालानं नाक पुसून काळा चष्मा परत चढवला.

दवाखान्यातून आणलेल्या सामानात ती निळी बाटली आली. मावशी विसरल्या होत्या की मुद्दाम ठेवून गेल्या, कुणास ठाऊक. मम्मीच्या खाटेशेजारच्या स्टुलावर असते. रात्री झोपताना ती त्यातलं थोडं तेल गुडघ्यांना चोळते. कालच मी विचारलं, “यावर प्रार्थना केलेली आहे ना, अशी कशी वापरतेस?”

“गुडघे दुखतायत म्हणून,” मम्मी म्हणाली, आणि झाकण घट्ट लावून बाटली जागेवर ठेवली.